तोफेच्या नळीपासून दोन चौकोन

त्या पुस्तकाचा लेखक मला कधी भेटलाच, तर नमस्कार-चमत्कार काही करणार नाही. सरळ विचारीन, भल्या माणसा, तू जन्मात कधी तोफेच्या शेजारी उभा राहिलास का? इंग्रजी पुस्तक आहे, जाडजूड, लढाईच्या खेळाच्या नियमांचं. त्यातली चाळीस पानं नुसत्या रणगाड्यांच्या तोफांची. कुठली तोफ किती मिलिमीटरची, कुठला गोळा किती अंतरावरून किती जाड पोलाद फोडतो, दोन हजार मीटरवर नेम साधायला फासा किती पडायला हवा, तोफेच्या शेजारची मशिनगन एका खेपेत किती गोळ्या सोडते. सगळं दशांशापर्यंत. आणि तोफ सुटते तेव्हा नळीच्या बाजूला जो माणूस उभा आहे त्याचं काय होतं, याबद्दल एक ओळ नाही. अर्धी ओळ नाही. मी तीनदा बघितलं. माझा राग तिथून सुरू होतो. तिथेच संपला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

खेळ काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरी अजून कुणाला कळलेला नाही. बायको त्याला भातुकली म्हणते. टेबलावर चौकोन आखलेला मोठा नकाशा पसरायचा, त्यावर बोटाएवढे रणगाडे ठेवायचे, प्रत्येकाने एकेक सैनिक किंवा अख्खी तुकडी व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की नाही ते फासे ठरवतात. बाकी सगळं, म्हणजे शत्रू कुठे दडलाय, धूळ किती आहे, पूल धड आहे की पडलाय, हे खेळ चालवणारा सांगतो. तो मी. आठवडाभर पिथमपूरला गिअरच्या कारखान्यात मापं तपासतो आणि रविवारी दुपारी फौज चालवतो. आम्ही चौघं. एक प्लायवूडवाला, त्याच्याच खजराण्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो. एक कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवणारा. एक मेडिकलवाला, जो बोलतो कमी आणि सेव खातो जास्त. आणि मी.

आमच्यात एक रीत आहे. पुस्तकातला नियम पटला नाही की आम्ही आमचा करतो, आमचा नकोसा झाला की काढतो. पण पोहे संपल्यावर, खेळ मांडायच्या आधी, आणि सगळ्यांचे हात वर झाले तरच. एक हात जरी खाली राहिला तरी आहे ते तसंच. आणि एकदा हात वर गेला की ती मोहीम संपेपर्यंत त्या नियमावर कुणी तोंड उघडायचं नाही. मोहीम म्हणजे आठ-दहा महिने. ही रीत माझीच. मशिनगनच्या एका आकड्यावरून प्लायवूडवाला आणि फिजिक्सवाला एकदा असे भांडले की खालचं गिऱ्हाईक जिना चढून बघायला आलं. त्या दिवशी मी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या. स्वतःच्या अकलेचं मला तेव्हा भारी कौतुक वाटलं होतं.

आता बाबा. माझे वडील फौजेत रणगाड्यावर गनर होते. आमच्या घराण्यात संस्थानच्या काळापासून कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. रिटायर झाल्यावर ते बारा वर्षं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. उजव्या कानाने त्यांना शून्य ऐकू येतं, डाव्याने निम्मं. म्हणून आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. लहानपणी मित्रांकडे गेलो की मला वाटायचं, ह्यांच्यात कुणी आजारी आहे का, सगळे कुजबुजून का राहिलेत? महूच्या फौजी दवाखान्यातून कानाचं मशीन मिळालंय, ते कपाटात डबीत बसलेलं असतं. लावा म्हटलं की म्हणतात, त्यात चमचा पडला तरी डोक्यात पडतो. मी यावरून त्यांच्याशी इतका भांडलोय की शेजारच्यांना ते भांडण पाठ आहे. बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे गल्लीशीच भांडायचं.

त्यांना खेळाला नेलं ते आईमुळे. दिवसभर टीव्ही एवढ्या मोठ्या आवाजात की आईचं डोकं उठायचं. एका रविवारी ती मला म्हणाली, ह्यांना ने रे कुठेतरी, मला दोन तास माझं घर मिळू दे. मी नेलं, मनात नसताना. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बँकेत बसायचे तसे भिंतीला पाठ लावून बसले. तासभर काही नाही. मग फिजिक्सवाल्याने आंब्याच्या बागेत उभा असलेला रणगाडा जागेवरच वळवून तोफ मागे फिरवली, तेव्हा बाबा उठले, टेबलाशी आले आणि त्या बोटाएवढ्या नळीवर बोट ठेवलं. म्हणाले, झाड आहे, नळी अडकेल. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की नळीला लांबी असते.

मग दर रविवारी तेच. टेकडीच्या माथ्यावर रणगाडा नेऊन खाली गोळा मारायला निघालो की ते विचारायचे, नळी किती झुकते? थोडीशीच. खालचा शत्रू तुम्हाला दिसतो, तोफेला नाही. मग म्हणायचे, गनरला बाहेरचं जग दिसतच नाही, नेम धरायच्या शिश्यात जेवढं दिसतं तेवढंच त्याचं गाव. गोळा भरणारा वेगळा माणूस असतो आणि तो दमतो, पहिले चार गोळे झटपट जातात, दहावा जात नाही. तुमच्या पुस्तकात हा माणूसच कुठे नाही. आम्ही वहीत लिहायचो, हात वर करायचो. पोरं त्यांना अंकलजी अंकलजी करायला लागली. त्यांना एका रणगाड्यावर गनर केलं. ते डाव्या बाजूने टेबलाशी बसायचे, म्हणजे चांगला कान आमच्याकडे. आई सांगायची, शनिवारीच शर्ट काढून ठेवतात. बँक सुटल्यापासून त्यांना कुठे जायची घाई असलेली आम्ही पाहिली नव्हती.

एका रविवारी प्लायवूडवाल्याने त्याची आठ जवानांची तुकडी बाबांच्या रणगाड्याला चिकटवून उभी केली, अगदी नळीच्या बाजूला, आडोसा म्हणून. पुस्तकाप्रमाणे चालतं ते. बाबांची तोफ डागायची पाळी आली. त्यांनी फासा उचलला आणि परत ठेवला. हाताने तुकडी बाजूला सारायची खूण केली. प्लायवूडवाल्याने कारण विचारलं, आणि बाबा बोलायला लागले.

वाळवंटातल्या रेंजवर सराव चालला होता. त्यांच्या रणगाड्याची पाळी होऊन गेलेली. गर्मी इतकी की त्यांनी कानावरच्या फोनसकट हेल्मेट काढून ठेवलं आणि खाली उतरून चाकांवरच्या पट्ट्याची पिन ठोकायला बसले. चूक आपलीच, म्हणाले, काढायचं नसतं. शेजारच्या रणगाड्याने गोळा मारला तेव्हा ते त्याच्या नळीच्या बाजूला, जरा पुढे होते. आवाज असा आलाच नाही. छातीवर एक धक्का बसला, आणि मग बघतात तो समोरचे सगळे नुसते तोंडं हलवतायत. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गनरच्या जागेवरून उतरवलं असतं. सांगून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

घरी आम्हाला काय माहीत होतं? मी लहान असताना त्यांना पलटणीत मोठा ताप आला होता, त्यात कान गेला. आईलासुद्धा हेच माहीत. आणि मी, सख्खा मुलगा, अडतिसाव्या वर्षी खरी गोष्ट ऐकतो ती प्लायवूडच्या दुकानावर, सेव चघळणाऱ्या मेडिकलवाल्याच्या शेजारी बसून. मला रडू नाही आलं, मला संताप आला. ह्या पोरांना सांगता येतं, मग आम्ही कोण?

तरी पुढच्याच रविवारी, पोहे संपल्यावर, नियम केला. वहीत माझ्याच अक्षरात आहे: मेन गन सुटली की नळीच्या तोंडापासून दोन चौकोनांत, रणगाड्याच्या बाहेर असलेला प्रत्येक जण तीन खेपा बहिरा. त्याला हुकूम ऐकू येत नाही. मी तिथे थांबलो होतो. बाबांनी वाकून वही बघितली आणि पुढचं वाक्य मला लिहायला लावलं: त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याने फक्त बघायचं. पाचही हात वर. बाबांनी खाली सही केली, फौजेत करायचे तशी, पूर्ण नावाची.

दोन रविवार नीट गेले. तिसऱ्याला प्लायवूडवाला विसरला. तुकडी नळीशेजारी, तोफ सुटली, आठच्या आठ बहिरे. नेमका त्याच खेपेला माघारीचा हुकूम निघाला. बाकीचे निघाले, ह्याची तुकडी तिथेच. तो आम्हाला विचारतोय, काय चाललंय, आणि नियमाप्रमाणे आम्ही गप्प. तीन खेपा म्हणजे आमच्याकडे पाऊण तास. पाऊण तासाने ती तुकडी संपली, आणि तिच्याबरोबर ती मोहीमही. मोहीमभर सांभाळलेली तुकडी, एकेका जवानाला त्याने गाव दिलं होतं, कुणी बेटम्याचा, कुणी देवासचा. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, मज्जा नी आ री भिया, ये क्या खेल है जिसमें बैठ के मुंडी हिलाओ.

पाऊण तास! माझ्या बापाने पस्तीस वर्षं काढली, लग्नांत, बारशांत, बँकेत, शाळेत माझ्या मास्तरांसमोर, आणि ह्या गृहस्थाला प्लॅस्टिकच्या आठ जवानांपायी पाऊण तास सोसवेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे सगळं मला आज सुचतंय हं. त्या दिवशी मी मान डोलावली आणि म्हणालो, पुढच्या रविवारी बघू.

पुढचा रविवार जूनचा होता. कूलर पूर्ण वेगात, त्यात त्याचा पंखा कुठेतरी घासत होता, मलाच माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा कूलरच्या बाजूला बसले होते, डावा कान कूलरकडे. पोहे संपत आले होते, नवी मोहीम मांडायची होती. प्लायवूडवाल्याने त्यांच्याकडे पाठ करून, भराभरा हिंदीत, विषय काढला: तो बहिरेपणाचा नियम काढून टाकू, खेळ खोळंबतो, अंकलजींचा मान आहेच, पण गेम तो गेम है. फिजिक्सवाला म्हणाला, ठीक आहे. मेडिकलवाल्याने तोंडात घास असतानाच हात वर केला. तीन हात झाले. तिघं माझ्याकडे बघायला लागले.

इथे खोटं का बोलू. मला तो नियम नकोसा झाला होता असं नाही. मला बाबा थोडे नकोसे झाले होते. सहा महिने झाले होते, मी काही सांगितलं की सगळे आधी त्यांच्याकडे बघायचे. मी आठवडाभर डोकं चालवून शत्रूचा घात रचायचा आणि ह्यांनी म्हणायचं, असं होत नाही. खेळ माझा होता, टेबल माझं होतं, आणि तिथेही मी कुणाचा तरी मुलगाच होतो. त्यात ती कानाची गोष्ट घशात अडकलेली. मी हात वर केला.

बाबा ताटलीतली शेवटची सेव टिपत होते. त्यांनी मान वर केली. चार हात बघितले. मग नेमकं माझ्या हाताकडे बघितलं, ताटली मांडीवर ठेवली आणि हसून स्वतःचा हात वर केला.

त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. हे मला कळत होतं. त्या खोलीत हे कळणारा मी एकटाच होतो, कारण त्यांचं ते हसू मी लहानपणापासून बघत आलोय, दुकानात, बसमध्ये, माझ्या लग्नात व्याह्यांसमोर. एक वाक्य पुरलं असतं. उठून कूलर बंद केला असता तरी पुरलं असतं. मी वहीत त्या नियमावर आडवी रेघ मारली आणि नकाशा पसरला.

त्यानंतरच्या रविवारी व्हायचं ते झालं. प्लायवूडवाल्याची नवी तुकडी नळीच्या बाजूला उभी, बाबांची पाळी. बाबांनी फासा खाली ठेवला आणि हाताने खूण केली, हटवा. तो म्हणाला, चलता है अंकलजी, मारो आप. बाबांनी पुन्हा खूण केली, दोन बोटं दाखवली, दोन चौकोन. मग तो त्यांच्या डाव्या बाजूला गेला आणि मोठ्याने, दुकानात हमालाला ओरडतात त्या आवाजात सांगितलं की तो नियम गेला, मागच्या रविवारी काढला, सगळ्यांनी हात वर केला होता, आपने भी किया था. आणि वही उघडून ती रेघ दाखवली.

बाबांनी वही जवळ घेतली. रेघेवरून बोट फिरवलं, मग खालच्या स्वतःच्या सहीवरून. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हां. किया था." फासा टाकला. चांगला पडला, शत्रूचा रणगाडा फुटला, पोरांनी टेबल बडवलं. नळीशेजारचे आठ जवान मजेत उभे होते, कानाला धक्कासुद्धा नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी प्लायवूडवाल्यावर ओरडलो. तुला लाज नाही का वाटत, म्हातारा माणूस आपली गोष्ट काढून टेबलावर ठेवतो आणि तू तिच्यावर फुली मारतोस, खेळायची अक्कल नाही तर खाली जाऊन प्लाय मोज. वाट्टेल ते बोललो. तो काही वाईट माणूस नाही. त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, त्यांना ऐकू आलं नाही हे मला कसं कळणार, मी समजलो अंकलजी मान गए. आणि मग हळूच म्हणाला, "हाथ तो तूने भी उठाया था भिया." मेडिकलवाल्याने सेवेची वाटी बाजूला ठेवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता नियम परत घालतो, करा हात वर. बाबांना मी काय बोलतोय ते ओठांवरून कळलं असावं. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर पंजा ठेवला. मोहीम संपेपर्यंत नाही, म्हणाले, पहिल्या पानावर लिहिलंय. पहिलं पान त्यांनी कधी वाचलं होतं कोण जाणे. मग ते संध्याकाळपर्यंत खेळले. चार गोळे मारले, प्रत्येक वेळी शांतपणे, नळीशेजारी कोण उभं आहे तिकडे न बघता. निघताना प्लायवूडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून पोहे छान होते म्हणाले. तो पाया पडायला वाकला, तर त्याला उठवलं.

खाली स्कूटरपाशी आम्ही दोघंच. देवळाकडे जाणारी रविवारची गर्दी, हॉर्न, नारळवाले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मनात होतं, माफी मागावी. तोंडातून काय निघालं? तेच, आयुष्यभराचं. मशीन का लावत नाही, कितीदा सांगितलं. ऐकू आलं नव्हतं तर विचारायचं होतं. न ऐकता हात वर करतं का कुणी? एवढ्या मोठ्याने बोललो की नारळवाला वळून बघायला लागला. लोकांना वाटलं असेल, काय पोरगा आहे, बापावर ओरडतोय. बरोबरच वाटलं त्यांना.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली. म्हणाले, "मला नाही ऐकू आलं. तुझा हात वर दिसला, म्हणून मी केला. मुलाचा हात वर आहे म्हटल्यावर विचारायचं काय?"